घशाचा फवारा आणि गाडीचा रंग

मोटारीचा इतिहास आपल्याकडे बहुधा इंजिनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अश्वशक्ती किती, परवाना कोणाला मिळाला, कारखाना कुठे निघाला, यांवर पानेच्या पाने खर्च होतात आणि गाडीच्या अंगावरचा रंग एका ओळीत आटोपतो. गेली काही वर्षे मी त्या एका ओळीच्या मागे लागलो आहे. मी पेशाने इतिहासकार नाही, आणि रसायनशास्त्र शिकलो तेही जुन्या बाजारातल्या पुस्तकांतून. पण ग्रंथ चाळताना आणि डेंटिंग-पेंटिंगच्या गल्ल्यांतून हिंडताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. गाडीच्या रंगाचा इतिहास हा मुळात वेळ वाचवण्याचा इतिहास आहे, आणि त्या वाचलेल्या वेळेची किंमत कोणीतरी आपल्या श्वासाने भरली आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार नवी असली, तरी तिची वरची पेटी बनवणारे कारागीर घोडागाड्यांच्याच धंद्यातले होते. रंगकामही त्यांच्याच रीतीने चाले. आधी अस्तर, मग लांबी, मग प्युमिस दगडाने घासणे, त्यावर तेलातल्या रंगाचे आणि शेवटी व्हार्निशचे एकावर एक हात. प्रत्येक हात कुंचल्याने द्यायचा आणि तो वाळेपर्यंत थांबायचे. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडले जाई. चांगली गाडी रंगून बाहेर पडायला कित्येक आठवडे लागत. वर्षाला शंभर-दोनशे गाड्या काढणाऱ्याला हे परवडत होते.

हेन्री फोर्डला ते परवडणारे नव्हते. १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात जोडणीची चालती साखळी सुरू झाली आणि सांगाडा जोडायला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून वर्षभरात सुमारे दीड तासावर आला. सांगाडा दीड तासात उभा राहणार आणि पेटी आठवडेच्या आठवडे वाळत पडणार, तर पेट्या ठेवायला छप्पर कुठवर वाढवायचे? १९१४ पासून १९२५ पर्यंत मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. काळा रंग सर्वांत लवकर वाळतो म्हणून फोर्डने तो निवडला, ही कथाही तितकीच ठाऊक आहे. या कथेला कारखान्याच्या कागदपत्रांत आधार सापडत नाही, असे मॉडेल टीचे अभ्यासक सांगतात. कागदपत्रांत दिसतात ते वेगवेगळ्या भागांसाठी आणि वेगवेगळ्या रीतींनी लावायचे सुमारे तीस प्रकारचे काळे रंग. त्यांत डांबराच्या जातीच्या अस्फाल्टपासून केलेला, भट्टीत भाजून कडक होणारा रंग महत्त्वाचा होता. तो स्वस्त होता, टिकाऊ होता आणि मुळातच काळा होता, त्यामुळे त्यातून फिकट छटा काढणे शक्य नव्हते. त्याआधीच्या वर्षांत हीच गाडी लाल, करड्या आणि हिरव्या रंगांतही मिळत असे. म्हणजे गाडी काळी झाली ती मालकाच्या आवडीने नव्हे, तर घाईच्या हिशेबाने.

ही कोंडी फुटली ती दारूगोळ्याच्या कोठारातून. कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात भिजवला की तो स्फोटक बनतो, हे बाझलच्या शोनबाइनने १८४६ मध्ये दाखवले होते. याच नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची बंदुकीची दारू झाली आणि चित्रपटाची फीतही झाली. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच ज्वालाग्राही फितीवर उतरला होता. पहिले महायुद्ध संपले आणि अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीची दारू बनवण्याची अवाढव्य क्षमता एकाएकी रिकामी झाली. या पदार्थाचा रंग करता येतो हे माहीत होते. अडचण अशी, की तो पुरेसा विरघळवला तर मधासारखा घट्ट होई आणि पातळ केला तर अंगावर नुसता पापुद्रा उरे. १९२० नंतर कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी कमी चिकट नायट्रोसेल्युलोज साधले. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेबरोबर त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९२४ च्या मॉडेलची निळी ओकलंड गाडी ‘ड्युको’ नावाच्या या रंगात बाजारात आली. आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडचे सुतार आजही कपाटाला ‘ड्युको’ मारू का, असे विचारतात, ते हेच नाव.

ड्युको इतका झटपट वाळे, की कुंचला फिरवायला उसंतच मिळत नसे. तो फवारावाच लागे. इथे या इतिहासातला मला सर्वांत चटका लावणारा योगायोग येतो. ओहायो राज्यातल्या टोलीडो शहरात अ‍ॅलन डेव्हिलबिस नावाचे डॉक्टर होते. रुग्णांच्या घशात औषध नीट पोचावे म्हणून त्यांनी १८८८ मध्ये रबरी फुग्याचा फवारा तयार केला. फुगा दाबला की हवेचा झोत नळीतले औषध वर ओढतो आणि त्याचे बारीक तुषार करतो. त्यांचा मुलगा टॉमस याने याच तत्त्वावर १९०७ च्या सुमारास रंग फवारणारी बंदूक बनवली. गॅरेजमधली ‘स्प्रे गन’ ती हीच. घसा बरा करायला निघालेले उपकरण रंगाऱ्याच्या घशापर्यंत पोचले ते असे. कुंचल्यातला रंग पत्र्यावरच बसतो. जुन्या घडणीच्या बंदुकीतला निम्म्याहून अधिक रंग मात्र हवेतच राही आणि त्या हवेत माणूस उभा असे.

पुढे सगळेच वेगाने झाले. १९२७ मध्ये जनरल मोटर्सने हार्ली अर्लच्या हाताखाली कला आणि रंगांचा स्वतंत्र विभाग उघडला आणि गाडी जुनी होण्याआधीच तिचा रंग जुना वाटू लागला. १९४९ मध्ये इलिनॉयमधल्या एडवर्ड सेमोरने रंग आणि दाबाखालचा वायू एकाच डब्यात भरला. आता कॉम्प्रेसरचीही गरज उरली नाही. अमेरिका-युरोपातला हौशी मालक रविवारी घराच्या दारात गाडीचा मडगार्ड स्वतः रंगवू लागला. आपल्याकडे ही हौस फारशी रुजली नाही. आपण गाडी रस्त्याकडेच्या डेंटर-पेंटरकडे टाकतो, आणि त्याचे दुकान व घर यांत पुष्कळदा एकाच भिंतीचे अंतर असते.

दरम्यान रंग बदलला होता. जर्मनीत ओटो बायरने १९३७ मध्ये शोधलेल्या पॉलियुरेथेनच्या रसायनातून दोन डब्यांचा रंग आला. एका डब्यात रंग, दुसऱ्यात त्याला कडक करणारा हार्डनर. चकाकी काचेसारखी आणि पेट्रोल सांडले तरी डाग नाही. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. कामामुळे जडणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत त्याची गणना होते. साध्या कोळशाच्या मुखवट्यावर त्यासाठी विसंबता येत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने आणणारा मुखवटा लागतो.

एका गल्लीतल्या रंगाऱ्याला मी याबद्दल विचारले. वॉटर पेपरने दरवाजा घासता घासता तोंडावरचा रुमाल खाली ओढून तो म्हणाला, “सवय झाली साहेब. आता वास पण येत नाही.” त्याच्या या वाक्याने मी बराच काळ अस्वस्थ होतो. घातक प्रमाणात असतानाही आयसोसायनेटचा वास जाणवेलच असे नाही. आणि शरीराला त्याची सवय होत नाही, उलटेच घडू शकते. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी अल्पशा मात्रेनेही छाती आवळते. मग तो धंदाच सोडावा लागतो.

याच गाडीच्या काचेची गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. फ्रान्सच्या एदुआर बेनेडिक्टसने १९०९ मध्ये पेटंट घेतलेल्या सुरक्षा-काचेतही दोन काचांमध्ये सेल्युलॉइड, म्हणजे पुन्हा नायट्रोसेल्युलोजच होते. पुढे काचेवर काळी फिल्म आली आणि आतला माणूस दिसेनासा झाला. त्याची मात्र राज्यसंस्थेने लगेच दखल घेतली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश गेला पाहिजे असे ठरवले. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचेवर कोणतीही फिल्म चिकटवण्यास मनाई केली आणि चौकाचौकांत पोलिसांनी फिल्म खरवडून काढल्या. नियम सुधारल्यावर, ठरलेली पारदर्शकता राखणारी फिल्म चालेल, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले. वाद टक्केवारीचा, मोजायला यंत्र, चुकल्यास दंड.

रंगाऱ्याच्या हवेचे तसे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असतील तर ती ‘कारखाना’ मानली. २०२० च्या संहितेने ही संख्या वीसवर नेली. उस्ताद आणि दोन पोरे, एवढ्यावर चालणारे गॅरेज दोन्हींच्या खालीच राहते. काचेतून किती उजेड जातो हे तपासायला तिथे कोणी येईल, पण त्या हवेत काय मिसळले आहे हे पाहायला कोणी येत नाही.

दसऱ्याला आपण गाडी धुऊन पुसून तिला झेंडूचा हार घालतो. ती चकाकी कोणाच्या हातची, हे आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. पुढच्या वेळी गाडी रंगायला टाकताना शेड जुळेल का आणि किती दिवस लागतील, हे आपण विचारूच. त्याबरोबर हवेच्या नळीचा मुखवटा आहे का, हेही विचारावे. नसेल तर त्यासाठी बिलात चार पैसे जास्त द्यायची आणि गाडी दोन दिवस उशिरा घ्यायची तयारी ठेवावी. शंभर वर्षे सगळ्यांनी मिळून जो वेळ वाचवला, त्यातला तेवढा परत करायला हरकत नाही.