भाडं, पागडी आणि पत

खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "डिपॉझिट किती देणार?" आपल्या गटातही त्यासाठी कर्जाचे अर्ज येतात. नव्या घरात सामान पोचायच्या आधी हप्ता पोचलेला असतो! मुंबईत या दुखण्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. ती गोष्ट आज सांगतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत भाडी भडकली, म्हणून १९१८ साली भाड्यावर निर्बंध घालणारा कायदा आला. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. राहत्या भाडेकरूला आधार मिळाला, पण नव्याकडून मालक एकरकमी पागडी मागू लागले. पागडी घेणं गुन्हा होता, मग पावती कोण देणार? दागिने गहाण पडत, सावकाराकडून उचल होई. सावकाराच्या वहीत कर्ज चढे. दिलेल्या पागडीचा मात्र कागद नसे.

गिरणगावात कितीतरी बायका कामगारांना जेवण घालून संसार चालवत. किराणा उधारीवर, व्याज जबर. बँकेला तारण हवं. भाड्याच्या खोलीत राहणारी बाई काय ठेवणार? १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ साली १४ मोठ्या बँका सरकारी झाल्याच होत्या. या बायका गटाने बँकेत गेल्या, एकमेकींच्या भरवशावर कर्ज घेतलं आणि हप्ते फेडले. घर भाड्याचंच राहिलं, पण बँकेच्या कागदावर त्यांचं नाव आलं. आपल्यासारखे गट बँकांशी जोडायचं काम नाबार्डने १९९२ साली सुरू केलं, ते याच वाटेवरचं.

आता पत आकड्यात मोजतात. २००० साली सिबिल स्थापन झाली. तिचा स्कोअर ३०० ते ९००. हप्ता चुकला की तो घसरतो. भाडं मात्र दहा वर्षं वेळेवर भरलं, तरी त्यात सहसा दिसत नाही. म्हणजे आपला खरेपणा कागदावर आणायचं काम आपलंच.

त्याला कायद्याची साथ आहे. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं एजंट सांगतात. आपल्या राज्यात ते खरं नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल, तर अटींच्या वादात उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. डिपॉझिटची रक्कम करारात लिहून घ्या. दिलेल्या पैशाची पावती मागणं हा हक्क आहे, उद्धटपणा नाही.

जुनं कर्ज फिटलं असेल तर बँकेकडून तसा दाखला घ्या. क्रेडिट अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात चूक असेल तर तक्रार करा. आणि हप्ता थकला असेल तर मालकापासून लपवण्यापेक्षा भाड्याच्या जुन्या पावत्या आणि गटाचं पासबुक पुढे ठेवून डिपॉझिट दोन टप्प्यांत देऊ का, असं सरळ विचारा.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या पावत्या पिशवीत घालून आणा. तारखेप्रमाणे लावायला आम्ही आहोतच.