तापत्या छतावरचा फवारा
व्यापारी इमारतींच्या छतावर लेप देणारी फवारणी यंत्रे : निवड, वापर आणि दक्षता

देवपूर हा धुळे शहराचा पांझरा नदीच्या उत्तर तीरावरचा भाग. महाविद्यालये, शाळा, दवाखाने आणि निवासी वसाहती यांनी तो आज गजबजलेला आहे. एखाद्या उंच गच्चीवरून पाहिले, तर स्लॅबची छते आणि पत्र्याची शेड यांची सरमिसळ नजरेस पडते. खानदेशातील घराचे पारंपरिक छत मात्र निराळे होते. लाकडी तुळ्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर असे ते धाबे असे. पावसाळ्यापूर्वी त्यावर खारी माती पसरण्याची रीत होती. जाड मातीतून उष्णता खाली उतरावयास वेळ लागे आणि तोपर्यंत सूर्य कलत असे. पत्र्याचे तसे नाही. आखाजीच्या आगेमागे पारा ४२ ते ४५ अंशांच्या घरात गेला, की पत्रा काही मिनिटांत तापतो आणि त्याची धग थेट खाली काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर येते.

जळगावच्या डाळ मिल आणि चटई कारखाने, धुळ्याच्या तेल गिरण्या, जिनिंग, यंत्रमाग, धान्याची गोदामे अशी खानदेशातील कितीतरी कामे पत्र्याखालीच चालतात. त्यामुळे छतावर पांढरा परावर्तक लेप देण्याचा विषय येथे केवळ इमारतीच्या देखभालीचा राहत नाही, तो कामगारांच्या आरोग्याचाही ठरतो. मोठ्या छतावर हा लेप कुंच्याने किंवा रोलरने देणे वेळखाऊ असल्याने फवारणी यंत्रांकडे ओढा वाढला आहे. यंत्राने काम लवकर होते, हे खरे. परंतु ठरलेल्या जाडीचा थर सर्वत्र सारखा बसला, तरच त्या वेगाला अर्थ असतो.

लेप कशासाठी?

भर दुपारी दर चौरस मीटर छतावर सुमारे १००० वॉट इतकी सौर ऊर्जा पडते. नवा जस्ती पत्रा चमकदार असल्याने तिचा बराच भाग परतवतो, पण शोषलेली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा गुण अगदी कमी असतो. पत्रा जुना होऊन गंजला, की शोषणही वाढते. उन्हाळ्यात अशा पत्र्याचे तापमान सहज ६० अंशांच्या वर जाते. चांगला पांढरा लेप नवा असताना सुमारे ८० टक्के सूर्यप्रकाश परतवतो आणि उरलेली उष्णताही वेगाने बाहेर टाकतो. त्यामुळे पत्रा पुष्कळ कमी तापतो. खालच्या हवेत पडणारा फरक वायुवीजनावर अवलंबून असतो. तरी काही अंशांचा दिलासाही सलग आठ तास उभे राहणाऱ्या माणसाला मोठा असतो.

शेजारच्या गुजरातेत २०१० च्या मे महिन्यातील भीषण उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा आणला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याचा उपक्रमही त्यास जोडला. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये शीत छतांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

फवाऱ्याचा जन्म सफेदीतूनच

रंग फवारण्याच्या यंत्राचा इतिहासही सफेदीपासूनच सुरू होतो. शिकागो येथील मार्शल फील्ड या व्यापारी पेढीत देखभालीचे काम पाहणाऱ्या जोसेफ बिंक्स यांनी १८८७ मध्ये तळघराच्या भिंतींना सफेदी देण्यासाठी हातपंपावर चालणारे यंत्र तयार केले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनातील भव्य इमारती मुदतीत पांढऱ्या करण्यासाठी फवारणीचाच आश्रय घेतला गेला. पुढे हवेच्या दाबावर चालणाऱ्या गन आल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्यास हवा न वापरता केवळ प्रचंड दाबाने रंग फोडणारी 'एअरलेस' यंत्रे प्रचारात आली. आज मोठ्या छतांसाठी प्रामुख्याने हीच यंत्रे वापरली जातात.

कोणते यंत्र कशासाठी?

कापूस आणि केळीच्या या पट्ट्यात फवारणी पंप नवा नाही. त्यामुळे तोच छतावर का चालू नये, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. पाठीवरचा पंप साधारणपणे २ ते ४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब देतो. फळबागेतील एचटीपी पंपाचा दाब २० ते ४० किलोपर्यंत असतो. गाळून घेतलेला पातळ चुना यांतून फवारता येतो आणि घरगुती छतासाठी तो स्वस्त उपायही आहे. मात्र पावसाच्या एक-दोन मोसमांत चुना धुपतो. रबरासारखा ताणला जाणारा अ‍ॅक्रिलिक लेप दह्यासारखा घट्ट असतो. तो या पंपांतून नीट फुटत नाही. फवारता यावा म्हणून त्यात भरमसाट पाणी घातले, तर थर पातळ होतो आणि लेपाचा उद्देशच हरवतो.

कॉम्प्रेसरवर चालणारी गन बारीक, देखणे काम करते. पण तिच्यात हवेबरोबर रंगाचे तुषार उडून जातात. उघड्या छतावर ही नासाडी परवडत नाही. एअरलेस यंत्रात पिस्टन पंप रंगाला १४० ते २१० किलो दाबाने होज पाइपमधून गनकडे ढकलतो आणि टिपच्या सूक्ष्म छिद्रातून बाहेर पडताना तो पंख्याच्या आकारात फुटतो. लहान कामांसाठी विजेवर चालणारा पंप पुरतो. वीज दूर असेल किंवा लेप फार घट्ट असेल, तर पेट्रोल इंजिनाचा पंप सोयीचा. मोठा कॉम्प्रेसर असलेल्या कारखान्यात हवेवर चालणारा पिस्टन पंपही उपयोगी पडतो.

पंप निवडताना दाबाइतकेच दर मिनिटाला किती लिटर रंग मिळतो, याकडे आणि तो कमाल किती मोठी टिप पेलू शकतो, याकडे पाहावे. टिपवरील तीन आकडी क्रमांकाची खूण सोपी आहे. पहिल्या आकड्याची दुप्पट म्हणजे एक फुटावरून मिळणाऱ्या पट्ट्याची इंचांतील रुंदी. शेवटचे दोन आकडे म्हणजे छिद्राचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे ६३१ क्रमांकाची टिप १२ इंची पट्टा देते आणि तिचे छिद्र ०.०३१ इंच असते. भिंतीच्या रंगाला १५ ते १७ चे छिद्र पुरते. छताच्या घट्ट लेपाला साधारण २१ ते ३५ पर्यंतचे लागते. नेमका क्रमांक लेपाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. पाइप जितका लांब, तितका दाब घटतो. म्हणून लांब अंतरासाठी जाड आतील व्यासाचा पाइप घ्यावा. घट्ट लेपासाठी बारीक जाळी बदलून जाड जाळी बसवावी, अन्यथा ती सतत तुंबते.

जाडीचे गणित

एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर सारखा पसरला, तर ओला थर बरोबर १ मिलिमीटर, म्हणजे १००० मायक्रॉन होतो. लेपात आकारमानाने ५० टक्के घन भाग असेल, तर वाळल्यावर ५०० मायक्रॉन उरतात. समजा, एका गोदामाच्या छताचे वरून मोजलेले क्षेत्र १००० चौरस मीटर आहे. पत्र्याच्या पन्हाळींमुळे प्रत्यक्ष पृष्ठभाग १५ टक्क्यांनी वाढून ११५० चौरस मीटर भरतो. ५०० मायक्रॉन सुक्या थरासाठी ११५० लिटर, म्हणजे २० लिटरच्या ५८ बादल्या लागतील; वाया जाणारा लेप वेगळा. पन्हाळी हिशेबात धरल्या नाहीत, तर काम पूर्ण होण्याआधीच लेप संपत आल्याचे दिसते आणि मग उरलेल्या छतावर पाणी घालून वेळ मारून नेली जाते.

हा लेप दोन हातांत द्यावयाचा झाल्यास एका हाताला ५७५ लिटर होतात. ६३१ ची टिप मिनिटाला सुमारे ४ लिटर सोडते, म्हणजे प्रत्यक्ष फवारणी अडीच तासांच्या आत आटोपते. बादल्या चढविणे, पाइप सरकविणे, टिप साफ करणे हे धरले, तरी एक हात एका दिवसात उरकतो. हेच काम रोलरने करावयास चार माणसांना साधारणपणे दोन दिवस लागतात. थर नेमका किती बसला, हे पाहण्यासाठी दातेरी कंगव्यासारखी छोटी पट्टी मिळते. ती ओल्या लेपात टेकवताच जाडी कळते. काम देणाऱ्याने ही मोजणी समोर करून घ्यावी. पांढरा दिसणारा प्रत्येक थर पुरेसा जाड असतोच असे नाही.

फवारणीपूर्वी

यंत्र कितीही उत्तम असले, तरी धूळ, गंज आणि तेलकटपणा यांवर लेप टिकत नाही. गंज तारेच्या ब्रशने काढून गंजरोधक प्रायमर द्यावा. सैल स्क्रू व झिजलेले वॉशर बदलावेत. सांध्यांवर जाळीची पट्टी बसवून आधी हाताने लेप द्यावा. स्लॅबवर पाणी साचत असेल, तर प्रथम उतार दुरुस्त करावा, कारण अ‍ॅक्रिलिक लेप साचलेले पाणी फार काळ सोसत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे मात्र कोरडे घासू नयेत आणि जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानेही धुऊ नयेत. त्यातून सुटणारे तंतू फुप्फुसाला घातक असतात.

खानदेशात या कामास फेब्रुवारी-मार्च हा काळ चांगला. थंडीत सकाळचे दव वाळू द्यावे. मे महिन्यात दुपारी काम केल्यास तुषार पत्र्यावर पोहोचण्याआधीच सुकू लागतात आणि थर खरखरीत, कच्चा बसतो. म्हणून तेव्हा पहाटेनंतरचे पहिले काही तासच वापरावेत. वारा सुटला की काम थांबवावे. देवपूरसारख्या दाट वस्तीत उडालेले तुषार शेजारच्या मोटारी, खिडक्या आणि सौर पॅनेल यांवर बसतात. पाण्याच्या टाक्या आणि पॅनेल आधीच झाकून घ्यावीत.

फवारताना गन पृष्ठभागापासून सुमारे एक फुटावर आणि काटकोनात धरावी. मनगट वळवून अर्धवर्तुळ काढल्यास मध्ये जाड आणि कडेला पातळ थर बसतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा. दुसरा हात शक्यतो आडव्या दिशेने द्यावा. पट्ट्याच्या कडांना रेघा दिसू लागल्यास आधी दाब तपासावा. पट्ट्याची रुंदी घटली असेल, तर टिप झिजली असे समजून ती बदलावी. झिजलेली टिप वाचविताना त्याहून अधिक किमतीचा लेप वाया जातो.

दोन जीवघेणे धोके

पहिला धोका गनचा. या दाबाने निघालेली धार कातडी भेदून रंग शरीरात घुसवते. जखम टाचणी टोचल्यासारखी क्षुल्लक दिसते, वेदनाही सुरुवातीला फारशी नसते; पण आतील ऊतींची हानी वाढत जाते आणि उशीर झाल्यास बोट वा हात गमवावा लागतो. अशा वेळी मलमपट्टीवर न भागविता तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि कोणता रंग होता, हे डॉक्टरांना सांगावे. टिपचे कवच कधीही काढू नये. टिप साफ करण्यापूर्वी यंत्र बंद करून दाब सोडावा आणि घोड्याची कळ लावावी.

दुसरा धोका छताचाच. जुने सिमेंटचे पत्रे आणि उजेडासाठी बसविलेले फायबरचे पत्रे माणसाचे वजन पेलत नाहीत. लेप दिल्यावर तर पक्का आणि कच्चा पत्रा सारखाच पांढरा दिसतो. म्हणून चालण्यासाठी फळ्या, कमरपट्टा व बळकट दोर आणि खाली दुसरा माणूस हे सारे काम सुरू होण्यापूर्वीच सिद्ध असावे. ओला लेप निसरडा असतो. काम नेहमी दूरच्या टोकाकडून शिडीकडे सरकत यावे.

लेपानंतर

खानदेशच्या धुळीने पांढरेपणा मळतो आणि परावर्तन दोन-तीन वर्षांत लक्षणीय घटू शकते. दरवर्षी होळीच्या सुमारास छत साध्या पाण्याने धुतले, तर त्याचा बराचसा भाग परत मिळतो. काम संपताच यंत्र, पाइप आणि गन स्वच्छ धुणेही तितकेच आवश्यक. आत वाळलेला लेप पंप निकामी करतो. धाब्यावर दर पावसाळ्यापूर्वी खारी टाकणाऱ्या पिढीला छत ही वर्षागणिक काळजी घेण्याची वस्तू आहे, हे ठाऊक होते. पांढऱ्या लेपाच्या छतालाही तोच नियम लागू पडतो.