भोपळ्याचं बी का कुजतं? जरा मागचा इतिहास

मंडळी, मिरग जवळ आला की विचारणा सुरू होते : भोपळ्याच्या बिया टाकल्या, उगवल्याच नाहीत, उकरलं तर लगदा.

आपल्या खारेपाटणला सापडलेला रट्टराजाचा ताम्रपट 1008 सालचा. त्या शिलाहार राजाच्या पानात दुधी असेल, लाल भोपळा नक्की नव्हता. तो मूळ अमेरिकेतला. पोर्तुगीज 1498 ला या किनाऱ्यावर आले, त्यानंतर मिरची-काजूसारखा तोही आला. मेक्सिकोत एका गुहेत त्याच्या जातभाईच्या बिया मिळाल्यात, जवळजवळ 10,000 वर्षांपूर्वीच्या. गुहा कोरडी, म्हणून टिकल्या. आमच्याकडे चार दिवसांत कुजतात!

पीक नवं, पण बी राखायची रीत आपली जुनीच होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टणक बियांना शेणाचा लेप सांगितलाय, आणि वेलफळांना नदीचा फेस लागतो तो काठ. आमच्या म्हाताऱ्या बायकांनी अर्थशास्त्र वाचलेलं नव्हतं, तरी पिकल्या भोपळ्याचं बी राखेत चोळून, शेणात थापून चुलीजवळच्या भिंतीला लावत. धूर लागे, ओल राहत नसे. आता भिंतींना प्लास्टर आलं आणि बी गेलं प्लास्टिकच्या पिशवीत. तिथं त्याला घाम फुटतो. माझ्या मते निम्मं कुजणं इथंच सुरू होतं.

उरलेलं आळ्यात. बी फुगलं की श्वास घेतं. पाणी साचलं की हवा संपते, मग पिथियम बुरशी फावते. आपल्याकडे शुक नदी बाजारात शिरते, तिथं सपाट आळ्याची काय कथा!

म्हणून पावसात बी भिजवूच नका. किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा, घरच्या मूठभर बियांना चिमूटभर पुरे. खाली भोक पाडलेल्या करवंटीत माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत भरून बी इंचभर खोल, आडवं टाका. पडवीत ठेवा, पागोळीखाली नको. एकदा पाणी, मग माती वरून सुकल्याशिवाय पुन्हा नाही. ऊब असली तर आठवडाभरात कोंब दिसतो. दुसरं खरं पान आलं की उंच भरीवर लावा, करवंटी फोडून, मुळं न हलवता.

उन्हाळी लावणीला मात्र रात्रभर भिजवलेलं चालतं, पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधायचं. फडकं पिळलेलं हवं, ठिबकणारं नको.

आणि सगळ्या बिया एकाच दिवशी टाकू नका. घरचं गोड वाण एकदा गेलं की दुकानात त्या नावाने मिळत नाही. चार बिया राखेत ठेवूनच द्या.