वेळेची ने-आण

घरच्या संगणकाच्या कोपऱ्यांत दिसणारी वेळ आपण निःशंकपणें खरी मानतों. परंतु त्याच्या पोटांतील क्वार्ट्झचा स्फटिक तितकासा विश्वासू नव्हे. उष्णतेच्या चढउतारानें त्याची चाल बदलते, आणि एकटा सोडल्यास दिवसाकाठीं अर्धाएक सेकंद तो सहज मागेंपुढें होतो. म्हणून त्याला दुसऱ्या कोणास तरी वेळ विचारणें भाग पडतें. आणि विचारलेली वेळ हातीं येईपर्यंत शिळी झालेली असते!

ही अडचण संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. 1836 सालीं ग्रीनिच वेधशाळेंतील सहाय्यक जॉन हेन्री बेलव्हिल हे लंडनमधील गिऱ्हाइकांकडे वेळ पोंचवूं लागले. त्यांच्यामागें पत्नी मरीया यांनीं, व 1892 पासून कन्या रूथबाई यांनीं तोच व्यवसाय चालविला. जॉन अर्नोल्डच्या कारखान्यांतील एक क्रोनोमीटर घेऊन रूथबाई वेधशाळेंत जात, तें तेथील घड्याळाशीं ताडून घेत, आणि मग शहरभर हिंडत. आपलें घड्याळ चुकत नाहीं असा त्यांचा दावा नव्हता. तें किती ढळलें आहे याचा दाखला मात्र त्यांच्याजवळ असे. 1924 सालीं नभोवाणीवरून वेळेचे ठोके ऐकूं येऊं लागले, 1936 सालीं टेलिफोनवर वेळ सांगणारें यंत्र आलें. तरी बाईंची फेरी 1940 पर्यंत चालूच होती. त्यांच्या गिऱ्हाइकांस मी तरी वेडे म्हणणार नाहीं.

पुढें डेलावेअर विद्यापीठांत प्राध्यापक झालेल्या डेव्हिड मिल्स यांनीं 1985 सालीं संगणकांसाठीं जी पद्धति लिहून काढली, तिच्यांतही चुकीचा हिशेबच मुख्य आहे. प्रश्न घरून केव्हां निघाला, तिकडे केव्हां पोंचला, उत्तर केव्हां निघालें व घरीं केव्हां आलें, अशा चार वेळा टिपावयाच्या. एकंदर गेलेल्या वेळांतून तिकडील मुक्काम वजा केला कीं प्रवास उरतो. त्याचा अर्धा जातांना व अर्धा येतांना लागला असें धरून आपलें घड्याळ किती चुकलें तें काढावयाचें. हें 'धरून' मात्र नाजूक आहे. जाण्यायेण्याच्या वाटा असमान असल्या तर तितकी चूक राहतेच. यास्तव पुढील सुधारणांत अनेक घड्याळांस विचारून, ज्याचें इतरांशीं जुळत नाहीं त्यास पंक्तींतून उठविण्याची सोय झाली. शिवाय थोडा फरक असेल तर कांटा एकदम मागें ओढीत नाहींत, चाल किंचित् मंद करतात. नाहीं तर मागाहून लिहिलेलें पत्र आधींचें ठरावयाचें!

मिल्स यांस जन्मतः काचबिंदु होता. उत्तरायुष्यांत दृष्टि पूर्ण गेली, तरी हें काम त्यांनीं सोडलें नाहीं. 2024 च्या जानेवारींत ते वारले.