मालकाचा विमा, आपला विमा
१९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. १९५४ मध्ये तो नागपूरच्या कामगारांपर्यंत आला. थोडं पगारातून कापायचं, बाकी मालकानं भरायचं, दवाखाना मिळायचा. पण त्याला नोकरी लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायांकडं मुकादमाची उचल असते, पगाराची पावती नसते. स्वतः विमा काढावा, तर सगळा हप्ता पदरचा आणि वयाबरोबर वाढणारा. २०१२ मध्ये शेजारच्या सोलापुरात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१३ च्या नोव्हेंबरात आपल्या धाराशिवलाही आली. तीच आजची महात्मा फुले योजना. ठरलेल्या उपचारांना तिथं मालक लागत नाही, रेशनकार्ड लागतं. म्हणून गटाच्या बैठकीत आम्ही आधी कार्ड बघतो: नव्या सुनेचं, माहेरी परतलेल्या लेकीचं नाव त्यात आहे ना?