चार हात, दोन खांदे

माणसाला खांदे दोनच. त्यांना चार हात लावायचे कसे, हे शरीररचनेच्या कुठल्या पुस्तकात नसतं. पेणच्या मूर्तिकारांनी ते शाडूत सोडवलं. आम्ही रोह्याचे, घरी गणपती पेणचाच. तो मागून पाहिला की युक्ती कळते: मागचे हात खांद्याच्या पाठीमागून निघतात आणि जोड उपरण्याआड जातो. हत्तीचं डोकं बालकाच्या धडावर बसवताना मान कुठे, हा प्रश्नच सोंड आणि कान उरू देत नाहीत. सोंडेत हाड नसतं, त्यामुळे ती हवी तशी वळते. हत्तीचे डोळे मात्र डोक्याच्या दोन बाजूंना. मूर्तीत ते समोर येतात, माणसाचे होतात. म्हणून डोळ्यांची आखणी हे वेगळं, मानाचं काम.

याच जिल्ह्यात, सासवण्याला, १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरात गणपती घडत. ऑटो रॉथफील्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांची कला पाहून त्यांना मुंबईच्या जे. जे.मध्ये धाडलं. पुण्यातला त्यांचा अश्वारूढ शिवाजी १९२८चा. त्या घोड्याचे ताणलेले स्नायू पाहून लोक जे. जे.चं नाव घेतात. मला त्यात आधी घरची माती दिसते.

आता पहिली मूर्ती एकजण घडवतो, तिच्यावरून साचा निघतो. आमच्या धंद्यात लायब्ररी एकदा लिहितात, तसंच. हमरापूर-जोह्याच्या शेडमध्ये खांद्यांचा प्रश्न पुन्हा कुणाला पडत नाही. डोळे तेवढे अजून हातानेच आखतात.