बडोद्याची ग्रंथालये आणि गावाचा पहिला हिस्सा

बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळीचा विषय निघाला की महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र बहुतेकांचे कुतूहल त्या नावापाशीच संपते. महाराजांनी आज्ञा केली आणि गावोगाव ग्रंथालये निघाली, अशी एक सोपी समजूत रूढ झाली आहे. आज्ञेने इमारत उभी राहील; पण रोज तिचे दार उघडणारा मनुष्य आज्ञेने मिळतोच असे नाही.

या चळवळीचे मूळ शाळेत आहे. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू करण्यात आला. परंतु शाळा सोडून शेतावर गेलेल्या मुलास वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरेही तो विसरणार आणि शाळेवरील खर्च पाण्यात जाणार. ही अडचण दरबारास जशी उमगली, तशीच एका शिक्षकासही उमगली. वसो गावचे मोतीभाई अमीन यांनी १९०६ मध्ये ‘मित्रमंडळ’ ग्रंथालये स्थापन करण्याचे कार्य हाती घेतले. खाते नव्हते, नियम नव्हते. गावोगावचे स्नेही आणि शाळामास्तर हेच त्यांचे भांडवल.

अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन बडोद्यास आले ते त्यानंतर, १९१० साली. त्यांच्या तीन वर्षांच्या कारकिर्दीत स्वतंत्र ग्रंथालय खाते निघाले, राजवाड्यातील ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाच्या द्वारे लोकांस खुला झाला आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग भरला. हिंदुस्थानातील तो पहिलाच मानला जातो. १९१२ मध्ये निघालेल्या ‘लायब्ररी मिसलेनी’ या त्रैमासिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता, हे येथील वाचकांस मुद्दाम सांगावयास हवे. मोतीभाईंचा अनुभवही या खात्याच्या उपयोगी पडला.

खात्याचा सर्वांत महत्त्वाचा नियम पैशासंबंधीचा होता. गावाने ग्रंथालयासाठी जेवढी रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावी. खेड्यासाठी प्रत्येक हिश्श्याची वार्षिक मर्यादा शंभर रुपये होती. वरकरणी हा हिशेबाचा नियम दिसतो. परंतु त्याचा अर्थ असा की, गावात कोणीतरी आधी झोळी घेऊन निघाल्याशिवाय दरबाराचा एक पैसाही सुटत नसे. वर्गणी मागणे हे मानाचे काम नव्हे. सुगी बरी असेल तर लोक हसून देतात, नसेल तर दारातूनच परत पाठवितात. आणि एक वर्ष मागून भागत नाही. दरवर्षी त्याच दारी जावे लागते. हे काम ज्यांनी केले, त्यांच्या नावाच्या पाट्या कोठे लागल्या नाहीत.

या नियमात एक उणीव होती, ती झाकण्याचे कारण नाही. ज्या गावास पहिला हिस्साच जमविता येत नसे, ते मागे पडणार हे उघड होते. आणि पुस्तकांची गरज अशाच गावास अधिक. ही उणीव काही अंशी फिरत्या ग्रंथालयांनी भरून काढली. पंधरा ते तीस पुस्तकांची मजबूत लाकडी पेटी मागणीप्रमाणे खेड्यात रवाना होई; वाहतुकीचा खर्चही खाते सोसत असे. पेटी पोहोचली की ती उघडणे, पुस्तके देणे, नोंदणे, वेळेवर परत मागणे आणि मुदत संपताच सारी मोजून पुन्हा भरणे, हा व्याप बहुधा गावच्या मास्तरावरच येई. दिवसभर मुले शिकवून झाल्यावर करावयाचे हे काम होते.

महाराज आणि मोतीभाई, दोघेही १९३९ च्या फेब्रुवारी महिन्यात, थोड्याच दिवसांच्या अंतराने निवर्तले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबाराचा हिस्सा इतिहासजमा झाला. मध्यवर्ती ग्रंथालय मात्र बडोद्यात मांडवीजवळ अजून उभे आहे.